माघारीची मुदत

९ मार्च

ती. अक्कास,

तुझा धाकटा भाऊ नगरसेवक झाला. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिलं, मोठ्याने वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, लोकशाही."

घाबरू नकोस, मला कोणी निवडून दिलेलं नाही. एकाही माणसाचं मत मला पडलं नाही, माझं स्वतःचंसुद्धा नाही. मी बिनविरोध आलो.

पहिल्यापासून सांगतो. उभे राहणार होते साडूभाऊ. तुला ठाऊकच आहे, ते खाली राहतात, आम्ही वर, आणि दोघी बहिणी दिवसातून दहा वेळा जिना चढतात-उतरतात. पस्तीस वर्षं नळदुरुस्ती केलेला माणूस. प्रभागातल्या एकूणएक घरात त्यांनी पालथं पडून मोरीखाली डोकं घातलंय. कोणाचं काय तुंबलंय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. तीन वर्षं तयारी चालली होती. जमिनीखालच्या जुन्या पाइपांचा नकाशा त्यांनी स्वतःच्या हाताने काढलाय, भिंतभर.

आणि मी होतो डमी. म्हणजे मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला दुसरा. गाडीची स्टेपनी म्हण. साडूभाऊंनी विचारलं, मी हो म्हटलं. दोन्ही अर्ज अर्थातच मी भरले. कचेरीच्या जिन्याखाली तीस वर्षं टेबल टाकून बसलेला अर्जनवीस घरात असताना दुसऱ्याकडे कोण जाईल?

छाननीच्या दिवशी साडूभाऊंचा अर्ज बाद. मागच्या पानावर उमेदवाराची संमती असते, तिथे सहीच नाही! तिसरा उमेदवार बेकरीवाला. तो नगरपालिकेच्या दवाखान्याला पाव पुरवतो, म्हणजे कंत्राटात हितसंबंध, म्हणून तोही अपात्र. उरलो मी. निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवली आणि माझं नाव वाचून विचारलं, "हे कोण?" मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. हात वर केला, शाळेत करतात तसा.

सही राहिली ती गर्दीमुळे. व्हायचं ते होतं.

आता तू एकतीस वर्षं विधिमंडळात प्रतिवेदक होतीस, सभागृहात कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलंस, तर मला एवढं सांग. गणपूर्ती म्हणजे काय? हरकतीचा मुद्दा कधी घ्यायचा? आणि 'लाभाचे पद' असलेला माणूस अपात्र ठरतो म्हणतात. जिन्याखालचं टेबल हे लाभाचं पद होतं का? मला तरी त्यातून लाभ झाल्याचं आठवत नाही.

तुझा (आता सन्माननीय)
टिंबू

१७ मार्च

चि. टिंबूस आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ मोठा गमत्या दिसतो. मी म्हटलं, एरवी नाही हो, गडबडला की होतो.

गणपूर्ती म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान डोकी. डोक्यांत काय असावं अशी अट नाही. हरकतीचा मुद्दा नियम मोडला जात असेल तेव्हा घ्यायचा. नवे सदस्य तो भूक लागली की घेतात. आणि लाभाचं पद हे सरकारी असावं लागतं. तुला तर सरकारने बसायला खुर्चीसुद्धा दिलेली नाही, घरून नेतोस. निर्धास्त राहा.

माझीही निवडणूक ऐक. आमच्या सोसायटीच्या समितीसाठी उभी राहिले. दोन मतं पडली. त्यातलं एक माझं. दुसरं कोणाचं ते महिनाभर शोधतेय. आभार मानायचे आहेत, आणि तब्येतीची चौकशीही करायची आहे.

आता माझे दोन प्रश्न. ते तारांकित समज, म्हणजे उभं राहून तोंडी उत्तर द्यावंच लागतं.

पहिला. माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा एका शब्दावरचा अनुस्वार राहिला होता. तू बारा वर्षांचा होतास. बसल्या बैठकीला दोनशे पत्रिकांवर हाताने टिंब दिलंस. तेव्हापासून तुझं नाव टिंबू. त्या माणसाच्या नजरेतून अख्खी सही सुटली?

दुसरा. छाननीनंतर माघारीची मुदत असते. तू अर्ज मागे घेतला असतास तर एकही उमेदवार उरला नसता. निवडणूक नव्याने लावावी लागली असती आणि साडूभाऊंना पुन्हा अर्ज भरता आला असता. तू माघार का नाही घेतलीस?

अक्का

५ एप्रिल

ती. अक्कास,

उत्तराला उशीर झाला, कारण मी राज्यकारभारात होतो.

शपथेपासून सुरुवात. कागदावर "मी" लिहिलेलं, पुढे टिंबटिंब, तिथे आपलं नाव घ्यायचं. मी खणखणीत आवाजात "मी" म्हणालो आणि थांबलो. नाव आठवेना. लोकांची नावं हजारोंनी लिहिली, वडिलांचं, आडनावासकट, वय, धंदा, राहणार कुठे. आणि इथे माझंच सापडेना. शेवटी सचिवांनी हळूच कानात सांगितलं.

पहिल्या मतदानात "हो" म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं, मी केला. "नाही" म्हणणाऱ्यांनी करा म्हटलं, तेव्हाही केला. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचं नक्की मत काय?" मी म्हटलं, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे." इतिवृत्तात 'तटस्थ' अशी नोंद झाली. आमची खुर्ची गोल फिरणारी आहे. ठरावावर बोलायला उठलो ते भिंतीकडे तोंड करूनच.

साडूभाऊ प्रत्येक सभेला येतात. प्रेक्षकांच्या गॅलरीत पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून बसतात. चेहऱ्यावर राग नसतो. गळका पाइप कुठून ठिबकतो ते बघत बसावं तसे माझ्याकडे बघत असतात.

खालचं दार हल्ली बंद असतं. ते दार कधी बंद होतं हेच मला माहीत नव्हतं. परवा पहिल्यांदा कळलं की त्याला बाहेरून हिरवा रंग आहे. दोघी बहिणी जिन्याच्या मधल्या वळणावर उभ्या राहून बोलतात आणि ही वर येते ती डोळे पुसत. मी रस्त्यावर असतो तेव्हा लोक साहेब म्हणतात. आणि जिन्यात साहेब चपला हातात घेऊन चढतात.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सहीचं म्हणशील तर गर्दी फार होती. शिवाय खिडकीतला कारकून घाई करत होता. आणि माझ्या चष्म्याचा नंबरही बदललाय. माघारीचं म्हणशील तर मुदतीचे दोन्ही दिवस मला सणकून ताप होता.

टिंबू

१३ एप्रिल

चि. टिंबूस,

एका सहीला तीन कारणं. एकतीस वर्षं मंत्र्यांची उत्तरं लिहून घेतली मी. खरं कारण असतं तो एकच सांगतो. तीन सांगतो त्याचं चौथं खिशात असतं.

तेव्हा मीच सांगते. हे तुझ्या डोक्यातलं नाही, भावजयीचं आहे. ती धाकटी, जन्मभर थोरलीला लहान झालेले कपडे घातले. थोरलीचा नवरा नगरसेवक झाला असता तर पुन्हा तेच. तिने तुला गप्प बसायला सांगितलं आणि तू बसलास. बायकोपुढे तू कधी बोललास?

बरोबर ना?

अक्का

१६ एप्रिल

अक्का,

हिला यात आणू नकोस. हिला काहीच ठाऊक नाही. तुझं पत्र हिने टेबलावरून उचललं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं? आता ऐक. विनोद सुचतोय का बघितलं, सुचत नाही.

अर्ज द्यायला अकरा मिनिटं उरली होती. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. दोन्ही अर्ज हातात घेऊन मी रांगेत उभा होतो आणि सवयीने शेवटची नजर फिरवत होतो. साडूभाऊंचा अर्ज उलटला. मागे संमतीच्या रेघेवर सही नव्हती. पांढरी स्वच्छ जागा. साडूभाऊ माझ्यापासून दोन हातांवर होते, एका बाईला तिच्या गळक्या टाकीबद्दल काहीतरी समजावत होते. पेन माझ्या खिशात होतं. "साडूभाऊ, इथे एक सही" एवढंच म्हणायचं होतं.

खालीच माझा अर्ज होता. उमेदवाराचं नाव, आणि पुढे माझं. माझ्याच अक्षरात. तीस वर्षं त्या रकान्यात मी दुसऱ्यांची नावं घालतोय, अक्का. घर मागणाऱ्यांची, वारस म्हणवणाऱ्यांची, पेन्शन अडकलेल्यांची. माझं नाव नेहमी अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'लिहिणार' म्हणून. त्या दिवशी ते वर होतं. मला ते आणखी जरा वेळ वर बघायचं होतं. मी पान पुन्हा सुलटं केलं आणि दोन्ही अर्ज खिडकीत सरकवले.

मी जिंकेन असं वाटलं नव्हतं. बेकरीवाला आहेच, तो येईल, असं वाटलं होतं. म्हणजे वाईटपणा करतानाही मला नीट हिशेब जमला नाही.

आणि ताप नव्हता. दोन दिवस मी पांघरूण घेऊन पडून राहिलो. ही थर्मामीटर लावायची, बघायची, झटकायची, पुन्हा लावायची. शेवटी म्हणाली, हा बिघडलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी साडूभाऊ वर आले. माझ्या कपाळावर हात ठेवला. जरा वेळ तसेच उभे राहिले. म्हणाले, "झोप." आणि गेले. तीन वाजता मुदत संपली. सव्वातीनला मला भूक लागली.

राजीनाम्याचा मसुदा सोबत पाठवतोय. चुका काढ. सगळ्या रकान्यांत सह्या आहेत.

टिंबू

२४ एप्रिल

चि. टिंबू,

आधी भावजयीची माफी. तिच्याबद्दल मी लिहिलं ते पत्र फाडून टाक आणि मी असं काही लिहिलं होतं हे तिला कळू देऊ नकोस. पहिल्या पत्रात तुला शहाणपण शिकवलं आणि दुसऱ्या पत्रात स्वतःच पालथी पडले. मला दोनच मतं का पडली ते आता कळलं.

मसुदा चांगला आहे. व्याकरण निर्दोष. तरी देऊ नकोस, इतक्यात नको. राजीनामा आला की पीठासीन अधिकाऱ्याने दोन गोष्टी बघायच्या असतात: तो स्वेच्छेचा आहे का आणि खरा आहे का. तुझा स्वेच्छेचा आहे. खरा नाही. 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलंयस. पुन्हा तोच ताप!

आधी साडूभाऊंना सांग. घरी तुझ्याच्याने बोलवत नसेल तर नियमांत एक सोय आहे, वैयक्तिक खुलासा. सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीने स्वतःबद्दल निवेदन करता येतं. त्यावर चर्चा होत नाही, कोणी उलट प्रश्न विचारत नाही. भित्र्यांसाठीच केलेली सोय आहे. मी कित्येक खुलासे उतरवून घेतले. बहुतेकांत लोक स्वतःचं कौतुकच करायचे. खरंखुरं सांगणारा एकच पाहिला. ते लिहिताना माझी पेन्सिल मोडली होती.

साडूभाऊ गॅलरीत येतात म्हणालास ना.

अक्का

१२ मे

ती. अक्कास,

केला.

अध्यक्षांनी आधी विचारलं, "खुलासा कशाबाबत?" म्हटलं, "माझ्याबाबत." "वर्तमानपत्रात काही आलंय का?" "नाही." "मग कोणी आरोप केलाय का?" "नाही." ते बिचारे गोंधळले. आरोपाशिवाय खुलासा करणारा सदस्य त्यांनी पाहिला नव्हता. मी उठलो तेवढ्यात मागून कोणीतरी गणपूर्ती नसल्याचं लक्षात आणून दिलं. निम्मे सदस्य चहाला गेले होते. मग घंटा. सात मिनिटं मी उभाच, हातात कागद, आणि वरून साडूभाऊ बघतायत. तू म्हणतेस भित्र्यांची सोय. ती सात मिनिटं कोणत्या नियमात बसतात ते कळव.

डोकी भरली. मी वाचायला लागलो. माइक बंद होता, दुसऱ्या वाक्याला कळलं. पुन्हा पहिल्यापासून. सही दिसली होती इथपासून ताप नव्हता इथपर्यंत सगळं वाचलं. एक सदस्य शेजाऱ्याला म्हणाला, "हे कोणत्या ठरावावर चाललंय?" अध्यक्ष म्हणाले, "निवेदनाची नोंद घेण्यात आली," आणि सभा रस्त्यावरच्या दिव्यांकडे वळली. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. छताचा पंखासुद्धा कमी झाला नाही. वर पाहिलं तर गॅलरीत खुर्ची रिकामी.

साडूभाऊ बाहेर पायऱ्यांवर उभे होते. मी खालच्या पायरीवर जाऊन थांबलो.

"पान उलटताना मी तुला पाहिलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? तू बघितलंस म्हणून मी बघितलं नाही. दुसऱ्याने घट्ट केलेला नट मी कधी न तपासता सोडत नाही. पस्तीस वर्षांत तो एक सोडला."

मी खुलाशाचा कागद खिशात घातला.

"ताप नव्हता ते ठाऊक होतं. कपाळ गार होतं तुझं."

"मग तेव्हाच का नाही ओढून उठवलंत, साडूभाऊ?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, उठशील."

 

मी म्हटलं, राजीनामा देतो. ते म्हणाले, "दे, नाहीतर नको देऊ. माझ्यासाठी म्हणून देऊ नकोस, मला उपकार नकोत." आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी दिला. प्रकृती काढून टाकली, फक्त 'देत आहे' ठेवलं. अध्यक्षांनी विचारलं, स्वेच्छेने आहे आणि खरा आहे? मी म्हटलं, दोन्ही.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. तुझा भाग सोडून. हिने कपाटातून थर्मामीटर काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "तो बिघडलाय म्हणून मी नवा आणणार होते."

जागा रिक्त झाल्याचं जाहीर झालंय. पोटनिवडणूक लागेल.

टिंबू

२ सप्टेंबर

चि. टिंबू,

साडेतीन महिन्यांत एक ओळ नाही. तीन पत्रं पाठवली मी. पोटनिवडणुकीचं काय झालं? तू बरा आहेस ना? आता 'ताप' लिहिलंस तर मी गाडी पकडून येईन.

अक्का

११ सप्टेंबर

ती. अक्का यांस नमस्कार.

मी टिंबूचा साडू. तुमचं पत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, उत्तर तुम्ही लिहा, माझ्या हातून खरं लिहिलं जाईलच असं नाही. मला लिहायची सवय नाही. पाइप असता तर जोडून दिला असता. चुकलं तर सांभाळून घ्या.

पोटनिवडणूक गेल्या महिन्यात झाली. मी उभा होतो. अर्ज स्वतः भरला आणि दोनदा उलटून पाहिला. बेकरीवाल्याने पावाचं कंत्राट सोडलं, पुतण्याच्या नावाने केलं म्हणतात, आणि तोही उभा राहिला. मी एकोणीस मतांनी पडलो.

तुम्हाला नियम माहीत आहेत, म्हणून सांगतो. मार्चमध्ये बेकरीवाला अपात्र होता. माझी सही असती तर टिंबूने डमीचा अर्ज मागे घेतला असता आणि मी बिनविरोध आलो असतो. ती वेळ पुन्हा यायची नाही. हे त्यालाही कळतं. म्हणून तुम्हाला पत्र नाही.

मोजणीच्या वेळी तो माझ्याबरोबर आला होता. मी ये म्हटलं नव्हतं, आपला आपण आला. आकडा जाहीर झाला तेव्हा मी उभा होतो. हा खाली बसला आणि रडायला लागला, सगळ्यांसमोर, मोठ्याने. लोकांना वाटलं हाच पडला. बेकरीवाला स्वतः येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला, म्हणाला, "पुढच्या वेळी, पुढच्या वेळी." मीच जाऊन पाणी आणलं. माझं सांत्वन करायला कोणी आलंच नाही, मीही विसरून गेलो.

माझी बायको रोज विचारते, माफ केलंत का? मी केलेलं नाही. खोटं कशाला लिहू. ते दोन दिवस तो वर झोपून होता आणि मी खाली बसून जिन्यावर पाऊल वाजतं का ऐकत होतो. ते मला विसरता येत नाही.

पण दार मी उघडं ठेवायला लागलोय. दोघी बहिणींच्या येण्याजाण्याचा खोळंबा नको म्हणून. तर हा रोज कचेरीतून आला की आत येतो आणि स्टुलावर बसतो. मी माझं काम करत असतो, बोलत नाही. तोच बोलतो. आज जिन्याखाली कोण आलं, कोणाच्या अर्जात काय होतं, स्वतःची काय फजिती झाली. अर्धा तास बोलतो, उठतो, वर जातो.

काल सांगत होता, एक माणूस त्याच्याकडे आला आणि म्हणाला, साहेब, अर्जात लिहा की मी एकटाच वारस आहे, आणि खाली सही माझ्या भावाची घ्या, माझं अक्षर बरं नाही. ते ऐकून मला हसू आलं. दाबलं तरी दाबेना. मी भिंतीकडे तोंड करून हसलो, त्याला दिसू दिलं नाही. त्याला वाटलं, मला खोकला झालाय.

तुम्हीही सांगू नका.

आपला,
टिंबूचा साडू